हेस्टरच्या ताटातले सॉसेज रोल

थॉर्नक्लफ,
११ मार्च १९८६

प्रिय हेस्टर,

तुझं पत्र गेल्या आठवड्यातच पोचलं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. इकडे सगळं ठीक आहे. क्लिफचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा क्लिफच जास्त कुरकुरतो. विल्फच्या थडग्यावर जाऊन आले. माती अजून बसलेली नाही, त्यामुळे दगड उन्हाळ्याआधी लावता येणार नाही म्हणतात. तू सांगितलेली पिवळ्या प्रिमरोझची रोपं लावली आहेत. ब्रिस्टलला आता थंडी कमी झाली असेल.

एवढं लिहून मी उठले आणि चहा करून आले. काल असंच एक पत्र लिहून फाडलं. त्यातही गुडघा आणि थडगंच होतं.

तू लिहिलंस की त्या सगळ्या दिवसांत एकच गोष्ट मनासारखी झाली, विल्फच्या माणसांनी पहिल्यांदा तुमच्याकडचं आवडीनं खाल्लं. चॅपेलमधल्या आयव्ही ओग्डेननं तुझा हात धरून “पोरी, मशरूमला अशी चव असते हे मला आजवर कुणी सांगितलं कसं नाही?” म्हटलेलं तू शब्द न् शब्द उतरवून पाठवलंस. ते पत्र मी क्लिफला वाचायला दिलं नाही. एरवी तुझी पत्रं आम्ही मोठ्यानं वाचतो.

दफनानंतरच्या चहा-फराळाला आमच्याकडे हॅम लागतोच हे तर तुला ठाऊकच आहे, विल्फच थट्टेनं सांगायचा. गावात कुणाची चांगली पाठवणी झाली की “हॅम वाढून पुरला हो त्याला” असं म्हणतात. आईला तसं पुरलं, बाबांनाही. विल्फनं तुझ्याकडून वचन घेतलं होतं की त्याच्या चहासाठी कुणा जनावराचा जीव जाऊ द्यायचा नाही. तू फोनवर सांगितलंस तेव्हा मी म्हटलं, “त्याची इच्छा तीच आमची.” फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. आम्हा एंटविसलांच्या घरचा चहा, आणि टेबलावर हॅम नाही!

त्या दिवशी सकाळी चॅपेलच्या हॉलमध्ये आयव्ही माझ्या मदतीला आली होती. तू आगगाडीतून मांडीवर सांभाळत आणलेलं सगळं टेबलावर मांडलं होतं. मांसाऐवजी मशरूम-चेस्टनट भरलेले सॉसेज रोल, मसुराच्या वाटणात गुंडाळलेली स्कॉच अंडी, जनावरांच्या हाडांचं जिलेटिन न घातलेलं ट्रायफल पुडिंग. आयव्हीनं फडकं उचललं आणि म्हणाली, “अगं डोरीन, आज माणूस पुरतोय की ससा?” मग म्हणे, “अंडं चालतं, कोंबडी चालत नाही. अंडी काय झाडाला लागतात वाटतं?”

मी हसले, हेस्टर. माझा धाकटा भाऊ शवपेटीत होता आणि मी तिच्याबरोबर हसले.

आयव्ही कपडे बदलायला घरी गेली. मी कोट चढवला आणि तडक खाटकाकडे गेले. त्याच्याकडचे रोल आकाराला तुझ्यासारखेच, वरून तसेच खरपूस. ते मी तुझ्या निळ्या ताटात लावले. तुझे काढून बिस्किटांच्या डब्यात भरले आणि डबा गाडीच्या डिकीत टाकला. बाकीच्या पदार्थांना हात लावला नाही. चॅपेलची माणसं आधी सॉसेज रोल उचलतात आणि त्यावरून घराची परीक्षा करतात, म्हणून फक्त तेच बदलले. तुला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून हे करतेय, असं मी मनाला समजावलं. ते खोटं होतं. नावं मला ठेवली जातील याची भीती होती. जनाची नाही तर मनाची तरी लाज असावी म्हणतात. माझ्याकडे सगळी जनाचीच निघाली.

म्हणजे त्या दिवशी जे कौतुक झालं ते तुझं नव्हतं. एवढंच असतं तर कदाचित मी गप्प बसले असते. तुला एक समाधान आहे, ते कशाला हिरावून घ्या, असं म्हणाले असते.

पण नंतर आयव्हीनं ते ताट तुझ्यापुढे धरलं. “खा गं बाई, हॉस्पिटलपासून पोटात काही नाही तुझ्या. निदान स्वतःच्या हातचं तरी खा.” सगळ्या बायका कौतुकानं बघत होत्या. तू रोल उचललास. मी किटली घेऊन समोरच उभी होते. मला नुसतं “हेस्टर, थांब” म्हणायचं होतं. मी चहा ओतत राहिले. कप भरून बशीत सांडला तरी ओतत राहिले. लोक बघतात म्हणून तू तो अख्खा संपवलास, आणि माझ्याकडे बघून हसलीस.

आणि आता तू लिहितेस की विल्फबरोबर तुझी चवही गेली. स्वतःचाच रोल ओळखता आला नाही, तोंडात काहीतरी परकं, चरबट लागलं. तेव्हापासून मीठमसाल्याचा अंदाज येईनासा झाला. डॉक्टर म्हणाले, दुःखात असं होतं. लग्ना-वाढदिवसांच्या ऑर्डरी तू परत करते आहेस आणि तुम्ही दोघांनी मिळून उभं केलेलं खाद्यपदार्थांचं दुकान एप्रिलमध्ये बंद करणार आहेस.

तुझी चव गेलेली नाही. तुझ्या जिभेनं अगदी बरोबर ओळखलं. ते डुकराचं मांस होतं. ते मी तुझ्या ताटात ठेवलं आणि तुला खाताना बघत उभी राहिले.

तुझ्या रोलचं काय झालं तेही सांगते. दुसऱ्या दिवशी क्लिफला डिकीत तो डबा सापडला. मी घरात येईपर्यंत निम्मा डबा रिकामा. मला म्हणाला, “हा खाटीक कोणता गं? यापुढे याच्याकडूनच आणत जा.” उरलेल्यातला एक मी तिथेच उभ्यानं खाल्ला. हेस्टर, ते टेबलावर राहू दिले असते तर आयव्ही तेच बोलली असती, आणि ते खरं झालं असतं. ते मी होऊ दिलं नाही.

आयव्हीला अजून काही सांगितलेलं नाही. आधी तुला कळायला हवं होतं. तू म्हणशील तेव्हा चॅपेलमध्ये उभी राहून सगळ्यांना सांगेन. ‘विल्फ असता तर हसला असता’ असं इथे लिहिणार होते. नसता हसला.

माझी पत्रं न उघडता परत पाठवलीस तरी चालेल. मी दारात आले तर दार लावून घे. फक्त दुकानाचं दार लावू नकोस.

खाली ‘तुझीच’ लिहायला हात धजत नाही.

डोरीन