सध्या कुठे?

वरसे, रविवार, ४ एप्रिल २००४

आलो एकदाचे रोह्याला! पेणहून टेम्पो निघाला तेव्हा शकू देवांची पेटी मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी, आणि मी मागे गाद्यांवर आडवा, राजासारखा. खोली रोह्याला लागूनच वरशात, वरच्या मजल्यावर आहे. खिडकीतून रस्ता आणि कोपऱ्यावरची चिंच दिसते. घरमालकीण ठमाबाई खाली राहते. आल्याआल्या तिने शकूला विचारलं, काय गो, नवरा कंपनीत हाय ना? शकू अशा काही ताठ मानेने व्हय म्हणाली की मला हसू आवरेना. दोन वर्षांत तिची मान एवढी ताठ झालेली मी पाहिली नव्हती. जेवताना पापड वाढत ती मला ऑपरेटरसाहेब, ऑपरेटरसाहेब करून चिडवत होती.

नोकरी कशी लागली ते लिहून ठेवतो, कारण शकूखेरीज कोणापाशी बोलायची सोय नाही. पेणची आमची कंपनी बंद पडल्यापासून मी आणि केरूने किती गेटं झिजवली देव जाणे. केरू म्हणजे माझ्याच मशीनवरचा, एका डब्यात जेवलेले आम्ही. सगळीकडे पहिला प्रश्न तोच, सध्या कुठे? घरी म्हटलं की साहेब पेनाला टोपण लावतो. एकाने तर तोंडावर सांगितलं की दोन वर्षं तुला कोणी घेतलं नाही, म्हणजे तुझ्यातच काहीतरी खोट असणार. वा रे न्याय! जेवलेल्यालाच पुन्हा वाढायचं आणि उपाश्याला दटावायचं, तू जेवला का नाहीस?

तर इथल्या पर्सोनेलच्या साहेबाने सध्या कुठे विचारलं तेव्हा त्याच्या टेबलावर कैरीच्या फोडी आणि मीठ होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, लवण केमिकल, धरमतर, सेकंड शिफ्ट. अशी कंपनी जगात नाही. फोन नंबर मागितला तर आमच्या बंद कंपनीच्या गेटचा ठोकून दिला. ती लाइन कधीचीच कापलेली. पण साहेबाच्या पेनाला टोपण लागलं नाही! उद्यापासून फर्स्ट शिफ्ट.

शुक्रवार, ९ एप्रिल

हात अजिबात गंजलेला नाही. दोन दिवसांत मशीन माझं झालं. नियम इथेही तोच, आपला रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, येऊन उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही. माझा रिलीव्हर काळुराम. दुपारी पान चघळत येतो, मी त्याच्या खांद्यावर थाप मारतो आणि सुटतो. काम संपवून घरी यायला किती बरं वाटतं हे विसरलोच होतो.

घासात एकच खडा लागला. साहेब म्हणतो, लवण केमिकलने तुम्हाला मोकळं केल्याचं रिलीव्हिंग लेटर आणा, नाहीतर महिनाअखेर नाव कमी. नसलेल्या कंपनीचं लेटर आणू कुठून? हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

केरू भेटायला आला होता. काय सांगितलंस रे साहेबाला, म्हणून खोदून खोदून विचारत होता. मी नशीब म्हणालो. त्याचं तोंड एवढंसं झालं. वाईट वाटलं, पण एक थाप दोघांना पुरत नाही.

गुरुवार, १५ एप्रिल

साहेबाने बोलावलं. म्हणाला, लवण केमिकलला फोन लावला होता. तुमची तारीफ करत होते. माणूस चांगला आहे, आमच्याकडेच आहे, सेकंड शिफ्टला, पण सोडणार नाही म्हणाले.

सुटल्यावर बूथवरून तोच नंबर लावला. नुसती खरखर, आणि तिच्यामागे भरतीच्या पाण्याचा आवाज. केरूची मस्करी म्हणावी तर त्याला कंपनीचं नाव कुठे ठाऊक आहे? शकूला काही बोललो नाही.

मंगळवार, २० एप्रिल

दुपारी कामावरून आलो तर चिंचेखाली कंपनीची बस उभी. समोरच्या काचेवर लाल अक्षरात लवण केमिकल. दारातल्या माणसाने हाक मारली, चल रे दत्ता, उशीर झाला. मी जिना चढून आलो आणि कडी लावली. हॉर्न वाजतच राहिला.

शकू म्हणते, कसला हॉर्न? ठमाबाई म्हणाली, या रस्त्याला गाडी येतच नाय बाबा, तुला ऊन लागलंय, कोकम घे. घेतलं. खारट लागलं.

सोमवार, २६ एप्रिल

साहेबाने शेवटचं सांगितलं. शुक्रवारपर्यंत लेटर, नाहीतर बसा घरी. घरी! पुन्हा तो शब्द, आणि पुन्हा शकूची मान खाली. ते मला बघवणार नाही. म्हणून आज पुन्हा हॉर्न वाजला तेव्हा त्या बसमध्ये चढलो. म्हटलं, असेलच कंपनी तर लेटर घेऊन येऊ.

बसमध्ये कोणी बोलत नव्हतं. शेजारच्याने एवढंच विचारलं, गिरण्यांचा संप मिटला का? मी म्हटलं, अहो, गिरण्याच गेल्या. तो परत खिडकीबाहेर बघू लागला.

धरमतरला कंपनी नाही. शेड नाही, गेट नाही. खाडीच्या कडेने नुसती मिठागरं, आणि त्यात रांगेने माणसं मीठ ओढतायत. आमच्याकडची मिठागरं मी लहानपणापासून बघतोय. तिथे लोक हसतात, शिव्या देतात, विड्या ओढतात. इथे मीठ ओढायच्या फळ्यांचा तेवढा आवाज. मला हाक मारणारा तो इथला मुकादम, जनू. त्याच्याकडे लेटर मागितलं. तो अगदी मायेने बोलला. म्हणाला, सध्या कुठं म्हनून इचारलं तवा तूच आमचं नाव घेतलंस ना? मग हितंच हायस तू. आमी कोनाला परत धाडत नाय. सुटायचं तर रिलीव्हर पायजे. आनखी कोन बेकार साहेबापुढं आमचं नाव घेईल, तो तुझा रिलीव्हर.

मग माझ्या हातात फळी होती. परत कसा आलो ते आठवत नाही. पाय घोट्यापर्यंत पांढरे झालेत, घासून जात नाहीत. मला भीती वाटते.

बुधवार, २८ एप्रिल

हॉर्न वाजला तेव्हा खुर्चीत होतो. मग एकदम मिठात. मधलं काहीच नाही.

त्याआधी कंपनीत — काळुराम आला आणि ओरडला, मशीन सोडून गेला कुठे हा दत्ता? मी त्याच्या समोर उभा. खांद्यावर थाप मारली. तो शहारला, खांदा झटकला. पांढरी भुकटी उडाली.

गुरुवार, २९

भूक नाही. तहान मात्र —

शकूने एकच ताट घेतलं. मग दचकून दुसरं आणलं. माझ्याशी बोलते, पण बघते माझ्या जरा बाजूला.

केरूचा निरोप आला. उद्या त्याचा आमच्याच साहेबाकडे इंटरव्ह्यू. त्याला नाव सांगितलं की मी सुटलो. एका शब्दाचं काम.

नाही सांगणार. एका डब्यात जेवलोय. नाही म्हणजे नाही.

शुक्रवार, ३०

केरू सकाळी घरी येऊन गेला. मी कामावर होतो — की मिठात —

शकूपुढे रडला म्हणे. सगळीकडून घरी बसलेला म्हणून हाकलतात, वहिनी. तिला दया आली. आता हसून मला सांगते, मी सांगून टाकलं केरूभाऊंना, लवण केमिकल म्हणा, यांचं तेवढ्यावरच झालं.

तिने माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, वाढू का?

डोळ्यांत. भूक लागलीय मला. पायांवरचं मीठ गेलं. खोटं कशाला लिहू — आनंद झाला. पोटातून झाला.

हॉर्न. माझ्यासाठी नाही.

चिंचेखाली केरू. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. आम्हालाच द्यायला आलाय. जनू दारातून त्याला बोलावतोय. केरू खिडकीकडे बघून हसला, म्हणाला, दत्ता, लागली रे नोकरी! गाडीपण आली बघ न्यायला!

ओरडायला हवं. त्याचा एकच पाय बसच्या पायरीवर आहे अजून. आत्ता ओरडलो तर उतरेल तो. पण मग मी —

उठतो. हा उठलोच. एवढं वाक्य पुरं करून