दारावरचा ठिपका

३ फेब्रुवारी

झालं! पहिल्याच दिवशी ताईने भिंतीवरच्या अणूच्या चित्रातला मधला गोळा पुसायला लावला. फिरकीसारखी वर्तुळंही गेली. म्हणे, अणू भिंतीएवढा केला तर त्याचं केंद्र डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही. मग उरलं काय? ठिपके! संगणक एकेक जागा सांगणार – इथे इलेक्ट्रॉन सापडू शकतो – तिथे मी ठिपका द्यायचा. मध्ये दाट, बाहेर विरळ. कड नाहीच. जन्मभर चित्रं काढली, पण बिनकडेचं कधी काढलं नव्हतं.

९ फेब्रुवारी

मान मोडली. ताई चाकांच्या खुर्चीतून आकडे वाचते, मी शिडीवर. केसभर सरकलं तरी, "पुसून परत मोज." आजाराने अंग गेलं, जीभ शाबूत आहे! तिच्या प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात एकदा तरी खरा अणू बघायचाय तिला. डॉक्टर म्हणतात, उन्हाळा निघाला तर नशीब.

२६ फेब्रुवारी

संपलं एकदाचं. शेवटी एक ठिपका भलतीकडेच आला – सगळ्यांपासून लांब, पार दाराच्या चौकटीच्या माथ्यावर. रंग उडाल्यासारखा दिसत होता. ताई घरी गेल्यावर गुपचूप बुजवला. कुणाला कळतंय!

१ मार्च

कळलं. आल्या आल्या तिने आधी दारावरच बघितलं.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तशी मीच चिडले. एका ठिपक्यावाचून काय अडलंय, तुझ्या हट्टापायी माझं काम हास्यास्पद होईल, वगैरे. नको ते बोलले. ती शांतपणे म्हणाली, "इतक्या लांब तो क्वचितच सापडतो गं, पण सापडतो. तो पुसलास, आता हे नुसतं छान चित्र आहे."

घरी सोडलं.

१२ मार्च

फोन केला नाही. तिनेही नाही. उद्या करीन.

२ एप्रिल

ताई गेली. तो उद्या काही आला नाही. भाची विचारत होती, मावशी, तुमचं शेवटचं काय बोलणं झालं? काय सांगू तिला!

११ एप्रिल

शिडी आणि रंग घेऊन गेले. निदान तो ठिपका तरी द्यावा म्हणून.

चौकटीवर ठिपका होता. पेनाचा. शिपाई म्हणाला, मॅडम मध्ये एकदा येऊन गेल्या. पण माथ्यावर नव्हता. बाजूला, खाली – खुर्चीत बसून हात पोचेल तिथे. केसभर चूक खपवून न घेणारी माझी ताई! शिडीवर चढायला तिला कुणी नव्हतं.