बॅरक्लफांची किटली

हॅलिफॅक्स,
सोमवार, १७ जून १९६३

प्रिय नोरा,

देवाच्या कृपेने आम्ही दोघं बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे ते कळव. चॅपलच्या जुन्या पत्रकाची मागची बाजू कोरी होती, टाकवेना, म्हणून त्यावरच लिहिते आहे. कपडे वाळत घातलेत, वाराही बरा आहे.

निवृत्त झाल्यावर क्लिफर्ड दिवसभर करतो काय, असं तू विचारलं होतंस. आडनाव शोधतो. बॅरक्लफ हे नाव इथल्याच एका झाडीच्या घळीवरून पडलं म्हणे. जुन्या नोंदींत कुणी बॅरोक्लफ लिहिलंय, कुणी बॅराक्लो, ज्याच्या कानाला जसं आलं तसं. माझी काही तक्रार नव्हती. माणूस स्वयंपाकघरात पायात पायात येत नाही, एवढं मला पुरे.

मग केंटहून मिस ऑड्री बेरीक्लॉथचं पत्र आलं. निवृत्त शिक्षिका, एकटी. तिचं म्हणणं, तिचंही आडनाव मुळात हेच, दक्षिणेत गेल्यावर बिघडलं. तेव्हापासून दर आठवड्याला जाड पाकीट. या वसंतात ती स्वतःच येऊन राहिली, चौकातल्या लॉजमध्ये. दोघं दफनभूमी पालथ्या घालत, दगडांवरचं शेवाळ खरवडत. सँडविच मी बांधून द्यायची, दोघांची. ती त्याला ‘कझिन क्लिफर्ड’ म्हणते. बाई वाईट नाही, नोरा, तेच तर दुखणं आहे. टोपीला हिरवं पीस लावते. चॅपलमध्ये डोळे मिटले की देवाआधी ते पीस समोर यायचं.

एकदा जेवताना क्लिफर्ड म्हणाला, “ऑड्री जन्माची बॅरक्लफ आहे, विनी. तू लग्नाची.” कोळशाचा भाव सांगावा तसं. मी पाव कापत राहिले.

तुमच्या स्कारबरोच्या चॅपलात ट्रेची पद्धत नाही, पण इथली तुला आठवत असेल. वार्षिक चहाला एकेका घराचं एकेक टेबल, तोच त्या घरचा ट्रे. कपबश्या त्या घरच्या, टेबलक्लॉथही त्या घरचं, आणि किटलीपाशी घरची बाई. क्लिफर्डने विचारलं, या वर्षी आपल्या किटलीपाशी ऑड्रीला बसवू या का? रक्ताचं माणूस आहे, आईला आनंदच झाला असता. त्याच्या आईने किटली पोटच्या एल्सीला नाही दिली, मला दिली. एल्सी सासरच्या ट्रेवर चहा ओतते. आमच्या किटलीला लागलेला प्रत्येक हात बाहेरून आलेला. हे सगळं ओठांवर आलं होतं. म्हटलं काय, तर “बसव.”

गेल्याच्या आधीच्या शनिवारी मी टेबल मांडलं आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसले. शेजारी हेपवर्थबाई. म्हणाली, “काय गं विनी, किटली भाड्याने दिलीस?” मी हॅमचं ताट तिच्यापुढे सरकवलं.

मिस बेरीक्लॉथ सुरेख ओतत होती. क्लिफर्डचा कप आला. “कझिन क्लिफर्ड, साखर किती?”

त्याने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. चारशे वर्षांपूर्वी कुणाचा बाप्तिस्मा कुठे झाला ते हा माणूस झोपेत सांगेल. पण हे त्याला लग्नापासून कुणी विचारलंच नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्या टेबलाने पाहिलं.

दीड चमचा, दूध आधी. मी केक चावत राहिले.

“असू दे तसाच,” तो म्हणाला. तिने बिनसाखरेचा दिला. चॅपलच्या चहात कप अर्धा सोडत नाहीत, त्यामुळे त्याने तळापर्यंत प्यायला. मला आनंद झाला, नोरा. देवाच्या घरात बसून झाला.

मग तो रिकामा कप घेऊन माझ्यापाशी आला. “पुढचा तू ओत ना.”

“माझ्या जागेवर कुणीतरी बसलंय,” मी म्हणाले.

 तो परत गेला आणि म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “ऑड्री, ती जागा माझ्या बायकोची आहे.” बिचारीची मान लाल झाली. उठली. मी जाऊन बसले, किटली उचलली आणि विचारलं, “साखर किती?”

“तुला माहीत आहे, विनी.”

“तरी विचारते.”

हेपवर्थबाई खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी मिस बेरीक्लॉथ केंटला परतली. काल क्लिफर्डने विचारलं, तुझं माहेरचं सग्डन हे नाव कुठून आलं असेल गं? म्हटलं, आधी तुझं संपव. सलोख्यासाठीच विचारलं, कळतं मला. पण तोंडाला येतं ते येतंच.

टेबलक्लॉथवर तिच्या हातून चहा सांडला होता. मीठ लावलं, उकळतं पाणी ओतलं, आज दुसऱ्यांदा धुतलं. डाग फिका झालाय, गेला नाही. आणि सकाळच्या टपालाने केंटचं पाकीट आलंय, पूर्वीइतकंच जाड. घड्याळामागे ठेवलंय. देईन त्याला. चहाबरोबर देईन, कप मी भरल्यावर.

यापूर्वी तुला कधी पूर्ण नावाने सही केली नव्हती. हसू नकोस.

तुझी बहीण,
विनिफ्रेड बॅरक्लफ