उंबरठ्याशी खोटं

त्या सोमवारी सकाळी मी कराटेच्या खोलीच्या उंबरठ्याशी चपला काढल्या, हात मांड्यांना लावून वाकलो, आणि तसाच मागे फिरून कामावर गेलो. आमच्यात वाकलं की आत जायचं असतं. सर म्हणायचे, "माणसांशी बोल हवं तर खोटं, उंबरठ्याशी बोलू नकोस." वर्षानुवर्षं मी वाकून परत फिरतो आहे आणि सराव झाला असं मनाला सांगतो आहे, हे मला वाटेत कळलं.

म्हणून हे मृत्युपत्र. छातीत एकदा कळ येऊन गेली आहे. बुद्धी मात्र ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही. देवाला स्मरून लिहितो.

राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीची. अंथरुणाला खिळलेले माझे वडील तेव्हा हयात असले, तर त्यांचं तिने करावं असं लिहायची गरज नाही. आजही तीच करते. पहाटे त्यांची कूस बदलताना म्हणते, "मी बघते बाबांचं. तुम्ही जा ना सरावाला."

"उद्या जातो."

"तुमचा उद्या काही उजाडत नाही."

वडिलांचं आजारपण, रुग्णालयाच्या धुलाईखान्यातल्या पाळ्या, मुलीचं लग्न, काहीच खोटं नव्हतं. म्हणून तर त्यांच्याआड लपता आलं.

माझी जड इस्त्री धुलाईखान्यातल्या मिशीवाल्याला. माझा काळा पट्टा बघून तो म्हणाला होता, "आजच आणलास का रे दुकानातून?" नेमाने बांधलेला पट्टा विरतो, आतलं पांढरं सूत दिसू लागतं. सरांचा शेवटी जवळजवळ पांढरा झाला होता. माझा काळाकुळकुळीत आहे. तो माझ्या देहाबरोबर जाऊ द्यावा. कोणाला देण्यासारखा नाही.

सरांच्या घरामागच्या अंगणातली कराटेची खोली त्यांनी माझ्या नावे केली. ती थोरल्या भावाला मिळू नये. दादाला तिथे फरश्यांचा माल ठेवायचा आहे. "चाळिशी उलटली, आता लाथा कोणाला मारणार? स्वतःच्या गुडघ्यांना?" असं तो चारचौघांत म्हणाला होता. मीही हसलो होतो, तेच जास्त लागलं. दादाला माझं गुडघ्यांचं तेल द्यावं. बाटली भरलेली आहे.

खोली सिस्टरला. ही परिचारिका माझी एकुलती उरलेली विद्यार्थिनी. रात्रपाळी संपवून, दोन लेकरांना शाळेत सोडून येते. मी दार उघडलं नाही तर अंगणातच एकटी हातपाय चालवते. एकदा विचारलं, "झोप येत नाही का गं?"

"येते ना सर. म्हणून तर बसत नाही."

रोज देवापुढे मी बळ मागत राहिलो. त्याने ते बहुधा अंगणात पाठवलं होतं, आणि मी त्याच्या बाजूने कामावर जात राहिलो. आता मागायचं बंद केलं आहे.

ठिकाण: राहतं घर. शुक्रवार, १३ मार्च.
लिहून देणार: (सही)
साक्षीदार: शेजारचे शिंपी (सही), वडिलांना तपासणारे डॉक्टर (सही)

सह्यांनंतर: माझ्या मरणाची वाट बघणं म्हणजे पुन्हा उद्याच. खोलीची किल्ली आत्ताच सिस्टरच्या हातात दिली. ती वाकली आणि आत गेली. मी उंबरठ्याशी उभा राहिलो, आणि वाकलो नाही.