असा हुकूम नाही

९ जाने. २०१८, मंगळवार
दिपूचं नाव खाल्लं. बागायतदारांच्या सभेत, डहाणूला. सेक्रेटरीने चिकूच्या गाड्यांचा कॉम्प्युटर प्रोग्राम पडद्यावर दाखवला नि म्हणाला, "मी केला." दिपू, माझी नात, मागच्या खुर्चीत. टाळ्या तिनेही वाजवल्या, गाढवी. त्या माणसाचं नाव लिहून पान बाटवणार नाही. से. एवढं पुरे.

१० जाने.
रडतेस का म्हटलं. नाही म्हणाली. डोळे लाल.

सहा महिने खपली त्यावर. काळी खिडकी, शब्द टाकायचा, एंटर दाबायचं, काम होतं. सांगाडा कुणा परक्या माणसाने लिहून फुकट ठेवलेला, लायब्ररी म्हणतात त्याला. त्यात आपले हुकूम नोंदवायचे. हा शब्द आला की हे कर, पुढे गाडीचा नंबर विचार, चुकलं तर असं सांग. शब्द माझे. तीस वर्षं चिकू निवडलेत शेडात. भर. सोड. थांब. कुठाय. अक्षरं इंग्रजी, बोली आमची. डहाणूच्या ऑफिसात मोठं मशीन दिवसभर चालू, तलासरीच्या शेडातून बाया शब्द टाकतात, ते उत्तर देतं. त्यातली लखमी चौथी शिकलेली, दोन दिवसांत शिकली.

से.ला यातलं काय येतं? चहा मागवता येतो.

१६ जाने.
बाहेरून कोणी मोठे साहेब बघायला येणार म्हणे. से.ला आमचे शब्द गावठी वाटले. सुरतेचा कोणी माणूस आणून सगळे इंग्रजी करून घेतले. भर गेला, लोड आला. माणूस सुरतेला परत. तलासरीला सांगितलं कोणी? कोणी नाही.

१७
लखमीचा फोन. "बाय, भर टाकलं तर म्हणतो असा हुकूम नाही, नीट बघून लिही. अगदी तुझ्यासारखा बोलतो."
बोलणारच. ते उत्तर मीच सांगितलं होतं. से.ने शब्द बदलले, माझं तोंड बदलायचं राहिलं.
"आता काय टाकू?"
"भर."
"परत नाही म्हणेल की."
"परत टाक. दिपूने शिकवलं तेवढंच आपल्याला येतं."
हसली मेली. समजली.

१८
से.ने शेडात फोन केला, लोड लिहा म्हणाला. लखमी म्हणे, शेठ, आम्ही कमी शिकलेल्या, दिपूताईंनी शिकवलं तेच येतं. सगळ्या बायांचं एकच उत्तर. प्रोग्राममधून चिठ्ठी निघाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर सोडायची नाही, हा नियम से.चाच. तीन गाड्या उभ्या.
जेवण गोड लागलं.

१९, शुक्र.
दिपू म्हणते, "आजी, एका हुकमाला दोन नावं देता येतात. भर पण चालेल, लोड पण. अर्ध्या तासाचं काम."
लॅपटॉप उचलून तांदळाच्या डब्यावर ठेवला.
"ज्याने केला म्हणतो तो करील."
"माल बागायतदारांचा आहे ना, आजी."
हो. हे मला ठाऊक नाही असं तिला वाटतं.

दुपारी भिवा आला. धाकटा भाऊ माझा. त्याचा माल दुसऱ्या गाडीत.
"ताई, मऊ पडतोय."
"से.ला सांग."
"तो म्हणतो दिपूला सांग."
"असं? मग हेच त्याने सभेत सांगायचं होतं."
चहा ठेवला. प्याला नाही. गाडीतून काढलेला एक खोका उंबऱ्यावर ठेवून गेला.

२० जाने.
घरभर पिकल्याचा वास. खोका आत घेतला नाही.
सकाळपासून फोन. एकदा उचलला, से.चा. "माजी, दिपूबेनला आपो ने." फोन तिला द्या म्हणे. कधी नव्हे ते बेन झाली. ठेवला. दिपूचा हात दोनदा पुढे गेला, मी बघितलं. भिवाचा चेहरा डोळ्यासमोरून...

असो. लखमीचा निरोप, से. गाडी घेऊन शेडाकडे निघालाय. तिला सांगितलं ते इथेही लिहून ठेवते. फोन दिपूने उचलायचा नाही. शेडात आला की सगळ्या बायांना उभं करायचं, लखमीने एकदाच विचारायचं, प्रोग्राम कोणी केला. उत्तर त्यानेच द्यायचं. मध्ये कोणी बोलायचं नाही. मीसुद्धा नाही.