आत्याला चंद्र कळेपर्यंत

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी पाचच अंगांचा समज. माझी खोली इतकी चिंचोळी आहे की पूर्ण आडवं व्हायचं तर पाय दाराबाहेर जिन्यावर जातात आणि समोरच्या खोलीतली मुलगी त्यांना अडखळते. करून पाहिलं, म्हणून सांगते.) तुझा गुडघा कसा आहे? मशीन आता तरी दुसऱ्या पायाने चालवतेस ना? आईला सांग, मी वेळेवर जेवते. बाबांना सांग, चष्मा लावते. दोन्ही खरं आहे, पहिलं जरा कमी.

फोन न करता पत्र का, असं तुझ्या मनात आलं असेल. फोनवर तू सगळ्यांनाच ‘हो हो, कळलं’ म्हणतेस. विमेवाल्यालाही म्हणाली होतीस आणि मग तो हप्ता मागायला दारात उभा राहिला, तेव्हा हा कोण म्हणून मलाच विचारलंस. माझ्या या कामात असलं कळणं चालणार नाही. तेव्हा हातातलं शिवण बाजूला ठेव आणि सावकाश वाच.

इथे भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्राच्या पदवीला आलेल्याने पहिलं काम करायचं ते म्हणजे तीन वर्षांत काय काय शिकणार याचा आराखडा स्वतः आखून द्यायचा. एक मोठा तक्ता मिळतो. त्यात विषयांचे चौकोन आणि चौकोनांमधून बाण, म्हणजे हे झाल्याशिवाय ते नाही. मला काय हवं होतं ते मी तक्ता उघडायच्या आधीच ठरवलं होतं: घुमटातली मोठी दुर्बीण. तिच्यावरचं प्रात्यक्षिक गुरुवारी संध्याकाळी असतं, पहिल्या वर्षालाही घेता येतं, फक्त जागा अगदी मोजक्या. पण माहितीपत्रकात खाली लिहिलं होतं, ‘प्रकाशशास्त्र झालेलं असल्यास उत्तम.’ आता तूच सांग, आपल्या घरी ‘असल्यास उत्तम’ याचा अर्थ काय होतो? ते झाल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही, असाच ना? म्हणून मी आधी प्रकाशशास्त्र घातलं. त्याच्या आधी लहरी असल्यास उत्तम होत्या. लहरींच्या आधी कॅल्क्युलस. कॅल्क्युलसच्या आधी तर्कशास्त्र, आणि त्याच्याही आधी तत्त्वज्ञान विभागातला एक विषय, ज्याचं नावच मला नीट कळलं नाही, म्हणून त्याच्या आधी मी भाषेचा एक घातला. (शिवाय आईची लेक असल्यामुळे माहितीपत्रकातल्या छपाईच्या चुका पेन्सिलने दुरुस्त करून ठेवल्या. त्याबद्दल कुणी आभार मानलेले नाहीत.) सगळं रेघा मारून स्वच्छ झालं तेव्हा दुर्बीण सातव्या वर्षी येत होती.

नवीन मुलांचे आराखडे तपासायला एक सल्लागार बाई आहेत. चष्मा डोक्यावर, पेन कानावर, आणि दोन्ही सतत शोधत असतात. त्यांनी माझा कागद उलटा करून पाहिला, सुलटा केला, मग म्हणाल्या, “अगं, ही पदवी तीन वर्षांची आहे.”

“हो ना,” मी म्हटलं, “म्हणूनच मला काळजी वाटतेय.”

त्यांनी चष्मा शोधून डोळ्यांवर घेतला. मग खोडरबर काढून माझी चार वर्षं पुसून टाकली. ‘उत्तम’ सोड, ‘पुरे’ काय आहे ते बघ, म्हणाल्या. आणि दुर्बीण एकदम याच वर्षी आली! मला तिथेच रडू येणार होतं, पण मागे रांग होती.

बाहेर आले तर पाय आपोआप घुमटाकडेच वळले. दुपारची वेळ, दार साफसफाईसाठी उघडं होतं, आत कुणी नव्हतं. आत्या, आत गेल्यावर आवाज जातो कुठे तेच कळत नाही. आपण हळूच खोकलो तर घुमट जरा विचार करून तो खोकला परत देतो. छताची फट थोडी उघडी होती. तिच्यातून उन्हाचा एक पट्टा खाली फरशीवर पडला होता आणि त्यात धूळ तरंगत होती, तुझ्या कातरीखालून कापसाचे तंतू उडतात तशी. मी स्टुलावर बसून राहिले. बसल्या बसल्या तो पट्टा माझ्या चपलेपर्यंत आला, मग चपलेवर चढला. मी हलले नव्हते आणि पट्ट्यालाही कुणी हलवलं नव्हतं. म्हणजे आम्ही सगळेच, मी, स्टूल, दुर्बीण, बाहेरची सायकलींची रांग आणि तिकडे दूर तू आणि तुझं मशीन, एकत्र वळत होतो, इतकं गुपचूप की कुणाचा साधा टाका उसवत नव्हता. मला वाटलं, इथे बसून राहायला मिळालं तर बाकीचं आयुष्य कसंही गेलं तरी चालेल. (नंतर वाटलं, कसंही नको.)

मग सहीसाठी परत बाईंकडे गेले, आणि तिथेच घोळ झाला. आराखड्यावर सही करण्याआधी एक शेवटची ओळ भरायची असते. ऋतू, ग्रहणं, चंद्रकला, हे मुळातलं ज्ञान झालं आहे का, तर समोर खूण करा. मी ऋतूंपुढे खूण केली. ग्रहणांपुढे केली. चंद्रकलांपुढे माझा हात थांबला. बाई म्हणाल्या, “कर की. प्रवेशपरीक्षेत त्याचं उत्तर तुझं अचूक आहे.” मी म्हटलं, उत्तर अचूक आहे, पण ते झालेलं नाही, कारण आत्याला कळलेलं नाही.

“आत्याही प्रवेश घेतायत का?”

मग मला आपली सगळी पद्धत सांगावी लागली: की मी शाळेत गेले नाही, स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकले. गणित चष्मे बनवणाऱ्या बाबांकडे, भाषा मुद्रितं तपासणाऱ्या आईकडे. आणि कुठलाही धडा झाला असं केव्हा धरायचं, तर मी तो पलीकडे शिवत बसलेल्या आत्याला समजावला आणि ती आपणहून ‘कळलं’ म्हणाली, की. आत्याला शिकण्याची मुळीच हौस नाही, म्हणून तिचं ‘कळलं’ खणखणीत. तरफ कळली, दशांश कळले. ग्रहण तर एका झटक्यात कळलं (“म्हणजे मी शिवताना तू उजेडात येऊन उभी राहतेस, तसं”). आणि ते इतकं छान कळलं की चंद्रकोरही कुणीतरी उजेडात उभं राहिल्यामुळेच होते, हे तुझ्या डोक्यातून जाईना. मी लोकरीचा गुंडा घेऊन तुझ्याभोवती फिरले. तू म्हणालीस, “मधे मी बसलेय, सावली माझीच पडणार, बाहेरचं कशाला कोण येतंय?” मग म्हणालीस, “जाऊ दे गं. मला चंद्र न कळताच आवडतो.” आणि काजं करायला घेतलीस.

बाईंनी हे सगळं ऐकलं आणि नियमाप्रमाणे केलं. मूळ ज्ञान झालेलं नाही म्हणजे ‘आकाशाची ओळख’ हा वर्ग सक्तीचा. तो असतो गुरुवारी संध्याकाळी. म्हणजे दुर्बीण गेली. बदल करायचा तर या शुक्रवारपर्यंत, नाहीतर माझी जागा दुसऱ्याला. नुसती एक खूण करायची आहे, आत्या. सगळे म्हणतात, कर आणि मोकळी हो. मी दोनदा पेन टेकवलं. दोन्ही वेळा तुझा चेहरा समोर आला, तोंडात सुई धरून नकारार्थी मान हलवणारा.

म्हणून शेवटचा प्रयत्न करते. तू खुर्चीत बस. दिवा कपाटावर, चांगला उंच. (तेव्हा तिथेच चुकलं. दिवा टेबलावर होता, म्हणून खरंच तुझी सावली पडत होती.) तो सूर्य. मी पांढरा गुंडा डोक्यावर धरून तुझ्याभोवती फिरते. सावली विसरून जा, ती खाली जमिनीवर पडलीय, गुंड्याला लागतच नाही. आता गुंड्याचा दिव्याकडचा अर्धा भाग उजळलेला आहे. कायम अर्धाच, कमी नाही, जास्त नाही. मी दिव्याच्या बाजूला असते तेव्हा उजळ भाग दिव्याकडे तोंड करून, तुझ्याकडे पाठ: अमावस्या. मी तुझ्या मागे जाते, तू वळून बघतेस, उजळ भाग सगळा तुझ्यासमोर: पौर्णिमा. मधल्या जागांवर तो तुला कमीजास्त दिसतो, दिव्याच्या जवळपास असताना नुसता कडेने. गडद कापडाला आतून पांढरं अस्तर असावं आणि वळताना नुसती किनार दिसावी, तशी कोर. चंद्राचं काहीच कमी होत नाही. आपण कुठून बघतो एवढंच बदलतं. हे लिहिताना मला इतकं शांत वाटलं की मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. चंद्र नव्हता. पण नसला तरी अर्धा उजळलेला असणारच, कुठेतरी.

सर्वांना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझी,
शंकेखोर

ता. क. खरी विनंती ही: कळलं असेल तर ‘कळलं’ असा एकच शब्द स्वतःच्या हाताने लिहून पाठव. माझ्यासाठी म्हणून लिहू नकोस. मी ओळखीन.

ता. क. २. पाकीट चिकटवता चिकटवता लक्षात आलं की पत्र पोचून उत्तर येईपर्यंत शुक्रवार उलटून जाईल. धावत बाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, उठून दार लोटलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, की त्या आठवडाभर जागा राखून ठेवतील, फक्त आत्यांचं उत्तर आधी त्यांना दाखवायचं. कारण त्या मूळच्या इतिहासाच्या. इतकी वर्षं मुलांच्या खुणा तपासतायत, पण चंद्रकोर म्हणजे त्यांनाही सावलीच वाटत होती.

ता. क. ३. तेव्हा एका शब्दाने भागणार नाही, जरा सविस्तर लिही. अस्तराचं नक्की लिही, माझ्यापेक्षा ते तुला चांगलं जमेल. आणि नसेलच कळलं, तर तसंच लिही. बाईंना समजावणारं दुसरं कुणीतरी सापडेल, आणि मी गुरुवारी त्या वर्गात मुकाट बसेन. चंद्र काय, कुठे पळून जात नाही. (जातो. पण परत येतो. कसा, ते वर समजावलं आहे.)