अस्तर

३ फेब्रुवारी
ताईला संत करायचं चाललंय. फादर स्वतः सांगून गेले. जिवंतपणी ती माझ्यापेक्षा चांगली होतीच, आता मेल्यावर शिक्कामोर्तब.

४ फेब्रुवारी
शेजारीण म्हणे, "नशीबवान बाई तुम्ही, अशी बहीण!" ताईनं मठात राहून कुष्ठरोग्यांच्या जखमा धुतल्या. मी घरी राहून अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं केलं, वर वडिलांची बोलणी खाल्ली. माझी चौकशी करायला अजून कुणी फादर आलेला नाही.

९ फेब्रुवारी
फादरना ताईची वापरलेली वस्तू हवी. तिचे तुकडे करून आजाऱ्यांना देतात. कुणी बरं झालं की चमत्कार. चमत्काराशिवाय संतपद नाही.

तिचं उरलंय काय? मठात जाताना सगळं टाकून गेली — माझ्या अंगावर. तिचे फ्रॉक, तिचे बूट, पुढे कापूस कोंबून. जन्मभर तिचं उतरलेलंच घातलं मी. कोटसुद्धा. निघताना फाटकापाशी स्वतःच्या अंगावरचा काढून मला घातला, वरच्या बटणापर्यंत लावला. "तुला थंडी सोसत नाही." चारचौघांत चांगुलपणा दाखवायची हौस, दुसरं काय.

तोच दिला.

"सिस्टरनी किती वर्षं वापरला?"
"दोन हिवाळे."
"आणि नंतर?"
"नंतर मी. काल भाजी आणायला घालून गेले होते."
फादरनी शेवटचं वाक्य ऐकलंच नाही.

१० फेब्रुवारी
थंडी. कोट नाही. संतांची कृपा.

२ मार्च
बेकरीवाल्याची आई उठली! डॉक्टरांनी हात टेकले होते. उशीखाली ताईच्या कोटाचा तुकडा. आज म्हातारी गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना झापतेय. ताईच्या फोटोपुढे मेणबत्त्या. मला पाव मात्र कालचाच दिला.

जेवण गेलं नाही.

३ मार्च
तो तुकडा बघून आले. निळा, बारीक ठिपक्यांचा. म्हणजे अस्तर. आणि ते मूळचं नाही! मूळचं फाटलं तेव्हा मी माझा जुना गाऊन कापून लावलं होतं. ताईचा त्याला हातही लागलेला नाही.

दिवसभर हसतेय. चमत्कार केला कुणी? माझ्या गाऊननं! उद्या फादरपुढे शपथेवर साक्ष. एक वाक्य बोलायचं, की ताईचं संतपद गेलं.

४ मार्च
"अस्तर मूळचंच ना?" फादरनी विचारलं.
"हो. तिचंच."

जन्मभर तिचं मी घातलं. आज माझं तिला घातलं. वरच्या बटणापर्यंत.